स्विफ्टचं सस्पेन्शन: मुलुंड ते इरुंगट्टुकोट्टई

"ताई, ट्रॅकवर जायचंय, कोणती स्प्रिंग टाकू?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला जातो की एकदा सगळं बैजवार लिहून काढायचं ठरवलं. माझं उत्तर दरवेळी तेच असतं: स्प्रिंग राहू दे, आधी तुझे पुढचे टायर काय सांगतायत ते बघून ये. हे ऐकून समोरच्याचा चेहरा पडतो. स्प्रिंग विकत मिळते, आणि ती टाकली की गाडी दिसायलाही वेगळी दिसते. टायर वाचायचा तर भर उन्हात पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबतात तिथे, गुडघे टेकून बसावं लागतं. पण सस्पेन्शनचं सगळं काम शेवटी त्या टायरसाठीच चाललेलं असतं, म्हणून सुरुवातही तिथूनच करायची.

माझी गाडी दुसऱ्या पिढीची पेट्रोल स्विफ्ट. मुलुंड पूर्वेला सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते. आठवडाभर मी तीच घेऊन अंधेरीला कामावर जाते, आणि ट्रॅकवरही तीच. मुंबईत आपली गाडी न्यावी अशी सर्किट नाही, त्यामुळे आम्ही मद्रासचा ट्रॅक गाठतो. इरुंगट्टुकोट्टईचा हा ट्रॅक १९९० साली सुरू झाला, लांबी ३.७१७ किलोमीटर, वळणं १२. पनवेलहून पुण्याकडे निघतो तोच राष्ट्रीय महामार्ग ४८ कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर करत थेट त्या ट्रॅकपाशी पोचतो, ही गोष्ट मला दरवेळी फार आवडते. पण त्याचा एक अर्थ असाही की गाडी ट्रेलरवर जात नाही. स्वतःच्या चाकांवर तेराशेच्या आसपास किलोमीटर जायचं, ट्रॅकवर दिवसभर पळायचं, परत यायचं आणि दुसऱ्या दिवशी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या खड्ड्यांतून ऑफिस गाठायचं. पुढे जे लिहिलंय ते अशा गाडीसाठी आहे. नुसती ट्रॅकचीच गाडी असेल तर आकडे वेगळे येतील, विचार मात्र हाच राहील.

मी पोटापाण्यासाठी वजनकाटे तपासते. ट्रक तोलणाऱ्या वे-ब्रिजपासून सोनाराच्या काट्यापर्यंत. त्यामुळे "गाडी आता मस्त वाटते" या वाक्यावर माझा विश्वास बसत नाही. मस्त म्हणजे किती, कुठल्या चाकावर, कुठल्या वळणात, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

आता त्या स्प्रिंगचं बघू.

वळणात वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतं. किती सरकेल ते गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर यांवर ठरतं. माझ्यासकट माझी गाडी १,०२५ किलो भरते. गुरुत्वमध्य सुमारे ५३ सेंटीमीटर उंच धरला, चाकांमधलं अंतर १.४८ मीटर, आणि वळणाचा जोर ०.९ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट. गुणाकार-भागाकार केला की ३३० किलो येतात. एवढं वजन आतून बाहेर जाणारच. या हिशेबात स्प्रिंग कुठेही नाही! गाडी कलल्यामुळे गुरुत्वमध्य किंचित बाहेर सरकतो, तेवढा बारीकसा फरक सोडला तर स्प्रिंग कितीही कडक करा, हे ३३० किलो कमी होत नाहीत. कमी करायचे तर गाडी हलकी करा, खाली आणा किंवा रुंद करा.

मग स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (डावं-उजवं चाक जोडून गाडीचं कलणं आवरणारा दांडा) करतात काय? ते हे ३३० किलो पुढच्या आणि मागच्या जोडीत वाटतात. जी बाजू जास्त कडक, तिच्या वाट्याला जास्त. आणि टायरचा स्वभाव असा की त्याच्यावर दुप्पट वजन टाकलं म्हणून पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. म्हणजे एका जोडीतल्या दोन टायरांवरचं वजन जितकं विषम, तितकी त्या जोडीची एकूण पकड कमी. स्विफ्टसारख्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत पुढचे टायर आधीच जास्त ओझं वाहत असतात. वळायचं त्यांनी, ओढायचं त्यांनी, ब्रेकचा मोठा वाटाही त्यांचाच. अशा गाडीला पुढून कडक स्प्रिंग घातली की पुढची जोडी आणखी विषम होते, आणि वळणात नाक बाहेर पळतं. मागची बाजू कडक केली तर उलटं होतं, पुढच्या टायरांना दम मिळतो. शर्यतीतल्या हॅचबॅकचं आतलं मागचं चाक हवेत उचललेलं तुम्ही फोटोत पाहिलं असेल, ते याचमुळे. मात्र एकदा ते चाक उचललं की मागच्या जोडीकडचं देणं संपलं. त्यापुढचं सगळं वजन पुढच्या जोडीवरच जातं. म्हणून मागूनसुद्धा कडक करत सुटण्यात अर्थ नसतो.

तरीही थोडी कडक स्प्रिंग लागतेच, आणि तिचं कारण कॅम्बर आहे, म्हणजे समोरून बघताना उभ्या रेषेपासून चाकाचा कल; चाक वरून आत झुकलं तर तो उणे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब. गाडी कलली की या रचनेत बाहेरचं चाकही गाडीबरोबर बाहेर कलतं आणि टायर स्वतःच्या बाहेरच्या कडेवर उभा राहतो. कलणं आवरलं तर टायर सपाट राहतो. किती आवरायचं याचा अंदाज घ्यायला मी स्प्रिंगच्या कडकपणापेक्षा कंपनांची गती बघते. पुढच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगने उचललेलं वजन समजा २८५ किलो, आणि चाकापाशी मोजलेला कडकपणा मिलिमीटरला २२.५ न्यूटन. गाडी सेकंदाला साधारण १.४ वेळा वरखाली होईल. ही झाली घरगुती वापराची गाडी. कडकपणा सरळ दुप्पट करून ४५ केला तर गती २ होते, दुप्पट होत नाही, कारण मध्ये वर्गमूळ आहे. ट्रॅकवर रस्त्याचे टायर लावून जाणाऱ्या छोट्या गाडीला पुढे १.८ ते २ आणि मागे त्याहून जरा जास्त, एवढं पुरे आहे असं माझं मत झालंय. मागचा कोपरा हलका असतो, त्यामुळे २.२ गाठायला तिथे ३२-३३ न्यूटनही पुरतात. पुढच्याच स्प्रिंगा मागे टाकणारे लोक मी पाहिलेत. अशी गाडी खड्ड्यात मागून उडते आणि मालकाला वाटतं, वा, काय रेसिंग सेटअप झालाय!

गाडी खाली आणण्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण कुर्ला-कलिन्याच्या पट्ट्यात सगळ्यात जास्त पैसे लोक यावरच घालवतात. गाडी खाली आली की गुरुत्वमध्य खाली येतो हे बरोबर. पण स्ट्रट असलेल्या गाडीत लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, मूळचा चाकाकडे किंचित खाली उतरता असतो. गाडी जास्त खाली बसवली की तो आडवा होतो आणि मग उलटा, चाकाकडे चढता होतो. त्याबरोबर रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू, गुरुत्वमध्यापेक्षा कितीतरी जास्त खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढतं आणि गाडी खाली येऊनही जास्त कलायला बघते. शिवाय स्ट्रट दबताना मिळणारा थोडाफार कॅम्बरही हातचा जातो. आर्म आडवा होईपर्यंतच खाली यायचं, हा माझा नियम. माझ्या गाडीत तेवढ्यासाठी वीस मिलिमीटर पुरले. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर, त्यातून वीस गेले की आपल्या गतिरोधकांसाठी १५० उरतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असायला हवा. त्यावरून १५० ची गाडी सहज जाते. आमच्या गल्लीतले गतिरोधक त्या मानकाच्या आसपासही फिरकत नाहीत, तिथे मी गाडी तिरकी घेते.

खाली आणलेल्या गाडीत दुसरी गोष्ट बंप स्टॉपची. मूळ शॉकअप ठेवून नुसती आखूड स्प्रिंग टाकली की शॉकअपला दबायला जागा उरत नाही. भर वळणात तो रबरी स्टॉपवर टेकतो, त्या क्षणी कडकपणा एकदम कितीतरी पट होतो आणि पुढची पकड सुटते. ड्रायव्हर सांगतो, "टायरने दगा दिला." खरं काय झालं ते बघायचा उपाय दहा रुपयांचा आहे. डस्ट कव्हर वर सरकवून शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर एक केबल टाय सैलसर आवळा आणि खाली सीलपर्यंत ढकलून ठेवा. सेशन संपलं की बघा. शॉकअप जास्तीत जास्त जितका दबला तिथवर तो टाय सरकलेला असतो. बंप स्टॉपला जाऊन चिकटला असेल तर उत्तर तुमच्या हातात आहे. माझ्या पुढच्या डाव्या शॉकअपवर टाय आणि स्टॉपमध्ये बोटभर जागा शिल्लक राहिली तेव्हा मी उंचीला हात लावणं थांबवलं.

यातलं काहीही करण्याआधी गाडी धडधाकट हवी. मुंबईचा एक पावसाळा लोअर आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातले रबर, आणि अँटी-रोल बारचे लिंक रॉड खाऊन टाकतो. बुश फाटलेला असताना कॅम्बर आणि टो (वरून बघताना चाक सरळ रेषेपासून किती आत-बाहेर वळलंय ते) मोजण्यात अर्थ नाही, ब्रेक मारला की चाक स्वतःच्या मर्जीने दिशा बदलतं. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, स्ट्रटच्या माथ्यावरचं बेअरिंग, सगळं हलवून बघा. ब्रेक ऑइल ताजं आणि ट्रॅकची उष्णता सोसणारे पॅड, हे सस्पेन्शनच्या आधी. त्यावर जास्त लिहीत नाही, ते सगळ्यांना ठाऊक असतं.

आता माझ्या आवडीचा भाग, मोजमाप.

अलाइनमेंटला मी एका दुकानात गेले होते. मशीन चांगलं होतं, माणूस अनुभवी होता. मी म्हटलं, पुढे उणे अडीचच्या जवळ कॅम्बर हवाय. तो म्हणाला, "ताई, एवढा ठेवला तर टायर आतून खाईल. आणि हे बघा, स्क्रीनवर लाल येणार." त्याच्यासाठी हिरवा म्हणजे बरोबर. त्याचंही खरं आहे, त्याच्याकडे येणारी प्रत्येक गाडी रोज ऑफिसला जाणारी असते, आणि टायर आतून खाल्ला की गिऱ्हाईक भांडायला परत त्याच्याच दारात. शेवटी त्याने काम केलं, पण टो कुठे सोडला ते मला सांगता आलं नाही त्याला. तेव्हापासून मी सगळं आमच्या पार्किंगमध्येच करते.

पार्किंगची फरशी सपाट नाही, गटाराकडे उतार आहे. तो उतार आधी मारावा लागतो. यासाठी मी गवंड्याची पद्धत वापरते: पारदर्शक नळीत पाणी भरायचं, हवेचे बुडबुडे झटकून काढायचे, आणि नळीची दोन टोकं दोन चाकांच्या जागी धरायची. दोन्हीकडे पाण्याची पातळी एक, मग फरशी किती खाली आहे ते पट्टीने मोजायचं. आमच्याकडे डाव्या चाकाची जागा उजव्यापेक्षा ११ मिलिमीटर खाली निघाली. ऐकायला काहीच नाही वाटत, पण १.४८ मीटरमध्ये ११ मिलिमीटर म्हणजे ०.४ अंशाहून जास्त. तेवढी चूक कॅम्बरच्या आकड्यात सरळ शिरते. मग कडप्प्याचे तुकडे आणि त्यावर हार्डबोर्डचे पातळ थर टाकून चारही जागा एका पातळीत आणल्या. खडूने चाकांच्या खुणा केल्या. वॉचमनदादांना आता ठाऊक आहे की त्या खुणांवर झाडू हलका मारायचा.

चाकाखाली दोन-दोन गुळगुळीत लाद्या, मध्ये ग्रीस. जॅकवरून उतरवल्यावर टायर फरशीला चिकटून बसतो आणि सस्पेन्शन पूर्ण खाली येऊ देत नाही, या लाद्यांवर तो मोकळेपणाने सरकतो. कॅम्बर मोजायला नागदेवीला मिळालेला डिजिटल कोनमापक रिमवर उभा लावते. टोसाठी तंगूस. गाडीच्या दोन्ही बाजूंना स्टँड ठेवून त्यांवर चाकांच्या मध्याच्या उंचीला तंगूस ताणायची, दोन्ही दोऱ्या एकमेकींना आणि गाडीच्या मध्यरेषेला समांतर करायच्या, आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून दोरीचं अंतर मोजायचं. पंधरा इंची रिमवर या दोन अंतरांत १ मिलिमीटर फरक म्हणजे साधारण ०.१४ अंश. स्टीलच्या पट्टीने अर्धा मिलिमीटर आरामात वाचता येतो. मशीनपेक्षा वेळ जास्त लागतो, पण प्रत्येक आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो.

स्विफ्टमध्ये स्ट्रट पुढच्या नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, दोन बोल्टने जोडलेला असतो. त्यातला वरचा बोल्ट काढून तिथे विकेंद्री कॅम्बर बोल्ट टाकला की दीड अंशाच्या आसपास मिळतो. त्याहून जास्त हवा तर स्ट्रटच्या माथ्यावर सरकत्या प्लेट लागतात. माझ्या प्लेटवर मी दोन खुणा कोरल्यात, मुंबई आणि ट्रॅक. मुंबईला उणे १.२, ट्रॅकला उणे २.४. कॅम्बर हलवला की टोही हलतो, त्यामुळे क्रम कायम आधी कॅम्बर, मग टो. एका खुणेवरून दुसरीवर जाताना टाय रॉड किती फिरवायचा तेही वहीत आहे, म्हणजे ट्रॅकवर पुन्हा दोऱ्या ताणत बसावं लागत नाही. ट्रॅकवर मी पुढे दोन्ही चाकांना मिलिमीटरभर टो-आउट ठेवते, म्हणजे चाकांची पुढची टोकं किंचित बाहेर, गाडी वळणात चटकन शिरते. महामार्गाला शून्य. टायर खाण्याचा दोष लोक कॅम्बरला देतात, पण माझ्या अनुभवात कॅम्बरपेक्षा चुकीचा टो टायर फार लवकर संपवतो. टो-आउट ठेवून बंगळूर-मुंबई केलं तर तो खर्च परत येत नाही. मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारी एकच तुळई, तिथे शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) टाकल्याशिवाय कॅम्बर-टो बदलत नाही. मी ते जसं आहे तसं सोडलंय.

ट्रॅकवर पहिलं काम हवेचं. थंड टायरमध्ये २८ पीएसआय भरून निघालात, टायर ३० अंशांवरून ७० अंशांवर गेला, तर आतली हवा ३३-३४ दाखवेल. हे साधं भौतिकशास्त्र आहे, गेजमध्ये वातावरणाचा १४.७ मिळवून तापमानाच्या प्रमाणात गुणायचं आणि परत वजा करायचं. म्हणून लक्ष्य गरम टायरचं ठेवायचं आणि पिटमध्ये आल्या-आल्या जास्तीची हवा सोडायची. सगळ्यांचं इथवर बरोबर असतं. संध्याकाळी मात्र विसरतात. रात्रभरात टायर थंड झाला की तोच टायर २५-२६ वर आलेला असतो, आणि तशा टायरवर भरलेली गाडी घेऊन महामार्गाला लागणं धोक्याचं आहे. छोटा कॉम्प्रेसर डिकीत ठेवाच.

त्यानंतर खडू. शाळेतला पांढरा खडू टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून बाजू सुरू होते तिथे, आडवा जाड ओढायचा, टायरवर तीन-चार जागी. दोन-तीन लॅप करून या. खडू कुठवर पुसला गेलाय ते बघा. बहुतेक टायरांच्या खांद्यावर एक बारीक त्रिकोण असतो, त्याच्या टोकापर्यंत पुसला असेल तर ठीक. त्याखाली बाजूवर उतरला असेल तर टायर लोळतोय: हवा कमी आहे, किंवा कॅम्बर कमी आहे, किंवा दोन्ही. खांद्याला स्पर्शही नसेल तर हवा जास्त आहे.

दोन्हीतलं नेमकं काय, ते तापमान सांगतं. सुईचा तापमापक घ्या, रबरात खुपसायचा. इन्फ्रारेडची बंदूक फक्त वरचा थर वाचते, आणि तो थर पिटमध्ये येईपर्यंत निवतो. बाहेरची कड, मध्य, आतली कड, अशी तीन मापं. मूळ कॅम्बरवर माझ्या पुढच्या डाव्या टायरची मापं बाहेरून आत ९२, ८४, ७३ होती. बाहेरची कड भाजत होती आणि आतलं रबर फुकट फिरत होतं. उणे २.४ केल्यावर ८०, ८२, ८५. संपूर्ण रुंदी कामाला लागली, आणि तोपर्यंत मी एकही स्प्रिंग बदललेली नव्हती! माझ्या गाडीत सगळ्यात मोठा फरक या एका बदलाने पडला. वळणाच्या मध्यावर स्टिअरिंग जड व्हायला लागलं, म्हणजे टायर बोलायला लागला. मला तो क्षण फार प्रिय आहे. डावाच टायर का सांगतेय, तर मद्रासला आपण घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, उजवी वळणं जास्त, म्हणून डाव्या बाजूचे टायर राबतात.

शॉकअपच्या क्लिकबद्दल, म्हणजे त्याचा कडकपणा बदलणाऱ्या नॉबच्या टप्प्यांबद्दल, थोडक्यात. क्लिक नेहमी पूर्ण घट्ट केलेल्या टोकापासून मोजायचे, नाहीतर वहीतला आकडा पुढच्या वेळी निरुपयोगी. माझ्या शॉकअपचा नॉब मुख्यतः परतीच्या, म्हणजे स्प्रिंग उलगडण्याच्या हालचालीला आवर घालतो. वळणात गाडी कलते तेव्हा दांडा सावकाश हलतो, सेकंदाला ५० मिलिमीटरच्या आत. कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर, चढल्यावर किंवा खड्ड्यात तो त्याच्या कितीतरी पट वेगाने हलतो. नॉबचा खरा उपयोग पहिल्या हालचालीसाठी: गाडी वळणात शिरते आणि बाहेर पडते त्या दोन क्षणांत वजन किती झटकन सरकेल ते तो ठरवतो. वळणाच्या मध्यावर, गाडी स्थिरावलेली असताना, शॉकअप काहीच करत नाही. मध्यावरची तक्रार क्लिकने सोडवायला जाऊ नका. परतीचा आवर फार वाढवला तर ओळीने धक्के बसताना चाकाला खाली यायला वेळच मिळत नाही आणि गाडी प्रत्येक धक्क्याला आणखी खाली बसत जाते. हे बघायला ट्रॅकवर जायची गरज नाही, मुलुंडमधला उखडलेल्या पेव्हर ब्लॉकचा कुठलाही रस्ता घ्या. ट्रॅकवर मी पुढे १२, मागे ८ ठेवते. मुंबईत २० आणि १८.

आणि आता काटे. लॅमिंग्टन रोडवरून डिस्प्ले आणि लोड सेल (वजन मोजणारे सेन्सर) आणून चार चाकांखाली ठेवायचे काटे मी स्वतः जोडले, ते माझ्या धंद्यातलंच काम. चारही काटे तपासून घेतले आणि गाडी त्यांवर चढवली. अर्धी टाकी पेट्रोल, अँटी-रोल बारच्या लिंक सोडलेल्या, ड्रायव्हरच्या सीटवर मी, आणि आकडे वाचायला नवरा. पुढचं डावं ३२६, पुढचं उजवं ३१६, मागचं डावं १६४, मागचं उजवं २१९. बेरीज १,०२५. कर्णावर बेरीज करा: पुढचं डावं आणि मागचं उजवं मिळून ५४५, म्हणजे ५३ टक्के. एक पाय आखूड असलेल्या टेबलासारखी गाडी एका कर्णावर जास्त टेकली होती. परिणाम काय? उजव्या वळणात बाहेरच्या पुढच्या डाव्या चाकावर आधीच फाजील ओझं, म्हणून नाक बाहेर पळायचं. डाव्या वळणात गाडी गोड. मी ट्रॅकवर जे अनुभवत होते ते काट्यावर आकड्यांत दिसलं, आणि मला अतोनात आनंद झाला.

दुरुस्ती अशी: एखाद्या कोपऱ्याची रिंग, म्हणजे स्प्रिंग जिच्यावर टेकते ती उंची बदलणारी चकती, वर चढवली की त्या कोपऱ्याचं आणि त्याच्या कर्णातल्या कोपऱ्याचं वजन वाढतं, उरलेल्या दोघांचं तेवढंच घटतं. डाव्या-उजव्या किंवा पुढच्या-मागच्या बेरजा मात्र हलत नाहीत, त्या हलवायच्या तर सामानच हलवावं लागतं. मागची डावी रिंग थोडी चढवली, गाडी पुढे-मागे ढकलून बसू दिली, पुन्हा वाचलं. असं करत ३१०, ३३२, १८०, २०३ वर आलो. कर्ण ५१३ आणि ५१२. पुढची बेरीज तीच ६४२. त्यानंतर बारच्या लिंक पुन्हा जोडताना त्यांच्यात ताण राहू नये म्हणून लांबी जुळवायची, नाहीतर केलेलं सगळं बार पुन्हा बिघडवतो.

कागदपत्रांचंही सांगते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, तेव्हा काही कापण्या-जोडण्याआधी ते बघून घ्या. आणि आपल्या नेहमीच्या मोटार विम्यात शर्यत व वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. ट्रॅकवर जे होईल ते आपल्या खिशातून, हे घरी सांगून निघायचं.

परत निघताना प्लेट मुंबईच्या खुणेवर, टाय रॉड वहीप्रमाणे, टो शून्य, हवा भरलेली. कॅम्बर बोल्टच्या डोक्यावर आणि नकलवर मिळून मी पांढऱ्या पेंटची एक रेघ ओढलीय. बोल्ट घसरला तर रेघ तुटलेली दिसते. हॉटेलवर चहाला थांबलं की चाक पूर्ण वळवून ती रेघ आणि चाकांचे नट बघते, मगच चहा.

सध्या मागच्या बीमला जोडायचा अँटी-रोल बार शोधतेय. वळणाच्या मध्यावर अजून जरा नाक बाहेर जातं आणि त्याचं औषध मागेच आहे. बारचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १८ मिलिमीटरच्या जागी २० चा घेतला तर दोनच मिलिमीटरमध्ये तो दीडपट कडक होतो, म्हणून सुरुवात १८ नेच करणार आणि बाकी एकाही आकड्याला हात लावणार नाही. दुसऱ्या पिढीच्या स्विफ्टला बसलेला असा बार कुणी प्रत्यक्ष वापरला असेल तर त्याची जाडी आणि क्लँप बीमवर नेमका कुठे येतो ते मला नक्की कळवा.